न्यायालयाची कचेरी मक्त्याने : टोपलीभर गिन्या आणि पोरक्यांच्या ठेवी

१/२४
अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील लंडन. फ्रान्सिस एल्ड नावाचा गृहस्थ एका टोपलीत सोन्याच्या गिन्या आणि बँकेच्या नोटा भरतो आणि ती टोपली इंग्लंडच्या लॉर्ड चान्सलरच्या चिटणिसाकडे पोचती करतो. रक्कम पाच हजार गिन्या. तिच्या मोबदल्यात त्याला न्यायालयातील एक पद मिळते. काही काळाने टोपली परत येते; अर्थातच रिकामी.

२/२४
हे पद न्यायाधीशाचे नव्हते. हिशेब तपासणे, दस्तऐवज सांभाळणे, पक्षकारांची अनामत रक्कम जपणे, अशी न्यायालयाच्या मागच्या दालनातली ती कामे होती. सरकारकडून मिळणारे वेतन नाममात्र. मग अशा कारकुनी वाटणाऱ्या पदासाठी पाच हजार गिन्या कोण मोजतो, आणि त्या वसूल कोठून करतो? या प्रश्नाच्या उत्तरातून १७२५ साली इंग्लंडच्या इतिहासातील एक गाजलेला महाभियोग उभा राहिला.

३/२४
प्रथम न्यायालयाची ओळख. चान्सरी हे इंग्लंडचे समन्यायाचे न्यायालय. मृत्युपत्रे, विश्वस्त निधी, वारसाहक्क, अज्ञान मुलांची मालमत्ता, मनोरुग्णांच्या इस्टेटी यांचे तंटे येथे चालत. साहजिकच येथे येणाऱ्यांत विधवा, पोरकी मुले आणि हिस्स्यासाठी भांडणारे भाऊबंद यांचा भरणा असे. निवाडा लॉर्ड चान्सलर आणि मास्टर ऑफ द रोल्स करीत. त्यांच्या निवाड्याला लागणारी सारी तयारी मात्र इतरांच्या हाती होती.

४/२४
ती तयारी करणारे अधिकारी म्हणजे ‘मास्टर’. मास्टर ऑफ द रोल्स हा त्यांचा प्रमुख. त्याच्याखाली अकरा जण. चान्सलरने दावा ‘मास्टरकडे’ सोपवला की इस्टेटीचा जमाखर्च मांडणे, मालमत्ता विकणे, कोणाला किती देणे निघते याचा अहवाल करणे ही कामे मास्टरच्या कचेरीत होत. निकाल लागेपर्यंत वादातली रोकड आणि रोखेही त्याच्याकडेच राहत. न्यायालयाच्या तिजोरीत नव्हे, त्या मास्टरच्या व्यक्तिगत ताब्यात.

५/२४
मराठी वाचकाला ही व्यवस्था ‘मक्ता’ या शब्दाने चटकन उमगेल. मक्तेदार सरकारात ठरावीक रक्कम आधी भरतो आणि मग ती रयतेकडून नफ्यासह वसूल करतो. चान्सरीत पद घेणारा आधी पैसे मोजत असे आणि मग ते पक्षकारांच्या फीमधून व ठेवींमधून भरून काढीत असे. पद सोडताना तो ते पुढच्याला विकत असे, आणि या व्यवहाराला संमती देण्यासाठी चान्सलर आपला नजराणा घेत असे. वतनाप्रमाणे पद ही मिळकतच मानली जाई.

६/२४
याच कचेरीचा दुसरा भाग म्हणजे ‘सहा कारकून’. नाव कारकुनाचे असले तरी ही प्रतिष्ठेची पदे होती आणि तीही खरेदी-विक्रीची. दाव्याचे कागद त्यांच्या दफ्तरात राहत. प्रतिपक्षाने काय लिहिले आहे हे जाणून घ्यायचे तर त्यांच्याच कचेरीतून अधिकृत नकला विकत घ्याव्या लागत, आणि नकलांचा दर पानावर ठरे. त्यामुळे विरळ ओळी, रुंद समास आणि मोठी अक्षरे हा कचेरीच्या लेखनाचा स्थायीभाव झाला.

७/२४
कागद फुगवण्याच्या या वातावरणाची साक्ष देणारा एक आदेश १५९६ सालचा आहे. मिलवर्ड विरुद्ध वेल्डन या दाव्यात वादीच्या मुलाने १२० कागदांचे प्रत्युत्तर दाखल केले. सोळा कागदांत मावणारा मजकूर! संतापलेल्या लॉर्ड कीपर एगर्टनने आदेश दिला की त्या बाडाच्या मधोमध भोक पाडावे, ते लेखकाच्या गळ्यात अडकवावे आणि त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमधील न्यायालयांसमोरून उघड्या डोक्याने फिरवावे. वर दहा पौंड दंड.

८/२४
शिक्षा जरब बसवणारी होती. पण ज्या पद्धतीत प्रत्येक जादा पान कोणाच्या तरी उत्पन्नात भर घालीत होते, ती पद्धत या आदेशाने बदलली नाही. पानावारी फी पुढे अडीच शतके टिकली. एका माणसाच्या गळ्यात बाड अडकवता आले. दफ्तराचा हिशेब कोणत्या पायावर चालावा, या प्रश्नाला हात घालायला मात्र कोणी धजावले नाही.

९/२४
खरी कमाई मात्र नकलांत नव्हती, ठेवींत होती. चान्सरीचे दावे वर्षानुवर्षे चालत. तोवर वादातली रक्कम मास्टरकडे पडून असे. ती त्याने व्याजाने लावली तर व्याज त्याचे. म्हणजे दावा जितका लांबेल तितका काळ परक्याचा पैसा त्याच्या हाती खेळे. खटला झटपट निकाली काढणारा मास्टर स्वतःच्याच उत्पन्नावर पाणी सोडीत होता. दिरंगाईला यापेक्षा मोठे उत्तेजन शोधूनही सापडले नसते.

१०/२४
पदांच्या किमती याच कारणाने चढत गेल्या. जितकी अधिक ठेव मास्टरच्या ताब्यात, तितके त्या जागेचे मोल अधिक. कोणी चान्सलरला १,५०० गिन्या दिल्या, कोणी ५,०००. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. पाच हजार गिन्या म्हणजे ५,२५० पौंड. त्याहून गंभीर गोष्ट पुढे उघड झाली. पदाची किंमत चुकती करण्यासाठी पक्षकारांच्याच ठेवीतला पैसा वापरला जात होता. पोरक्या मुलांच्या वारशातून त्या वारशाच्या राखणदाराची नेमणूक विकत घेतली जात होती.

११/२४
मग १७२० साल उजाडले. साउथ सी कंपनीचा समभाग जानेवारीत सुमारे १२८ पौंडांना मिळत होता. उन्हाळ्यात तो हजाराच्या घरात गेला आणि वर्षअखेरीस जवळजवळ मूळ पदावर आला. सारे लंडन त्या तेजीने झपाटले होते. ज्यांच्या हाती दुसऱ्याची रोकड होती आणि ज्यांना हिशेब विचारणारे कोणी नव्हते, त्यांना मोह आवरणे अवघडच होते. तेजी ओसरली तेव्हा चान्सरीच्या तिजोऱ्यांचे तळ दिसू लागले.

१२/२४
फ्लीटवुड डॉर्मर नावाच्या मास्टरने पक्षकारांचे पैसे एका खासगी सावकारी पेढीच्या मालकाकडे ठेवले होते. त्या पडझडीत पेढी बुडाली आणि डॉर्मर हॉलंडला पळाला. मागे राहिलेली तूट वीस हजार पौंडांहून अधिक होती. ही रक्कम ज्यांची होती त्यांनी जोखमीच्या धंद्यात एक शिलिंगही गुंतवला नव्हता. न्यायालयाने सांगितले म्हणून त्यांनी पैसे जमा केले होते, एवढाच त्यांचा दोष.

१३/२४
या वेळी लॉर्ड चान्सलर होता टॉमस पार्कर. स्टॅफर्डशायरमधील लीक गावच्या एका वकिलाचा हा मुलगा कर्तृत्वाच्या बळावर १७१० मध्ये मुख्य न्यायाधीश, १७१८ मध्ये लॉर्ड चान्सलर आणि १७२१ मध्ये मॅकल्सफील्डचा अर्ल झाला. विद्वान, विज्ञानाचा चाहता, न्यूटनच्या परिचयातला. न्यायाधीश म्हणून त्याचे निवाडे आजही आदराने उल्लेखिले जातात. लाच घेऊन त्याने एखादा निकाल फिरवला, असे त्याच्यावर सिद्ध झाले नाही. म्हणूनच त्याची कहाणी अधिक बोलकी आहे.

१४/२४
डॉर्मरची तूट उघड झाली तेव्हा चान्सलरपुढे दोन मार्ग होते. सर्व मास्टरांचे हिशेब तपासावेत, किंवा बोभाटा होऊ देऊ नये. त्याने दुसरा मार्ग धरला. इतर मास्टरांकडून प्रत्येकी पाचशे पौंडांची वर्गणी काढून खड्ड्यावर पाचोळा पसरण्यात आला. नव्या मास्टरांकडून नजराणे घेणे चालूच राहिले. हिशेब कडक केले असते तर जागांचे मोल घसरले असते, आणि मोल घसरल्यास नजराणाही घसरला असता. पर्यवेक्षकच विक्रीतला वाटेकरी होता.

१५/२४
१७२४ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलने मास्टरांचे हिशेब मागवले, तेव्हा झाकण उडाले. आपसांत रकमा फिरवून तिजोरी भरलेली असल्याचा देखावा करा, असा सल्ला चान्सलरने दिल्याचा आरोप पुढे त्याच्यावर ठेवला गेला. जानेवारी १७२५ मध्ये मॅकल्सफील्डने पदत्याग केला. हाउस ऑफ कॉमन्सने २१ कलमांचे आरोपपत्र तयार केले आणि मे महिन्यात हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर महाभियोग सुरू झाला. एल्डची टोपली या सुनावणीतच साक्षीला आली.

१६/२४
बचावाचा मुख्य आधार होता रूढी. पूर्वीच्या चान्सलरांनीही नजराणे घेतले, ही पदाची पिढीजात प्राप्ती आहे, असे त्याचे म्हणणे. यात तथ्यही होते. परंतु न्यायदानाशी संबंधित पदांची विक्री निषिद्ध ठरवणारा कायदा सहाव्या एडवर्डच्या काळी, १५५२ सालीच झालेला होता. पावणेदोनशे वर्षे तो कागदावर राहिला आणि बाजार त्याच्या डोळ्यांदेखत भरत राहिला. तेरा दिवसांच्या सुनावणीनंतर उपस्थित ९३ उमरावांनी एकमताने ‘दोषी’ असा कौल दिला. दंड ३०,००० पौंड. तो भरेपर्यंत टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद.

१७/२४
त्याच आठवड्यात, २४ मे १७२५ रोजी, टायबर्नच्या फाशीच्या माळावर जोनाथन वाइल्डला फासावर चढवण्यात आले. तोही मूळचा स्टॅफर्डशायरचाच, वुल्व्हरहॅम्प्टनचा. चोर पकडून देणारा म्हणून लंडनभर नावाजलेला हा माणूस स्वतःच चोरांच्या टोळ्या पोसत होता आणि चोरीचा माल बक्षीस घेऊन मालकांना परत करीत होता. गुन्हेगार शोधणे हेही त्या काळी बक्षिसांवर चालणारे खासगी काम होते. एकाच आठवड्यात त्या राज्यव्यवस्थेची दोन कंत्राटे उघडी पडली.

१८/२४
बुडालेल्या पैशांचे काय झाले? दंडाची रक्कम पक्षकारांच्या भरपाईकडे वळवण्यात आली. ती पुरेशी नव्हती. म्हणून न्यायालयीन कागदांवर वाढीव मुद्रांक शुल्क बसवण्यात आले. म्हणजे मास्टरांनी उडवलेली रक्कम भरून काढण्याचा भार न्याय मागायला पुढे येणाऱ्या नव्या पक्षकारांवर पडला. नफा पदधारकांचा होता. तोटा मात्र, तो उघड होताच, सार्वजनिक झाला.

१९/२४
या प्रकरणातून एक सुधारणा मात्र भक्कम झाली. १७२६ मध्ये ‘अकाउंटंट जनरल’ हे पद कायद्याने निर्माण झाले आणि पक्षकारांचा पैसा बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवण्याची व्यवस्था झाली. या अधिकाऱ्याने केवळ हिशेब ठेवायचा, रोकडीला हात लावायचा नाही, अशी तरतूद होती. लेखणी एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे! चांगल्या माणसाच्या शोधात न राहता, वाईट माणसालाही अपहार अवघड जावा अशी रचना येथे प्रथमच केली गेली.

२०/२४
पण फीची पद्धत जशीच्या तशी राहिली. तरुण वकील जेरेमी बेंथमला काही दशकांनी आढळले की मास्टरच्या कचेरीत एकदाच काम होते आणि पक्षकाराकडून तीन हजेऱ्यांचे पैसे घेतले जातात. वकिलीकडे पाठ फिरवून कायद्याचा टीकाकार होण्यामागे त्याने हा अनुभव सांगितला आहे. पदे मिळकत मानली गेल्याने सुधारणेची किंमतही मोजावी लागली. ‘सहा कारकून’ १८४२ मध्ये रद्द झाले, तेही पदधारकांना घसघशीत भरपाई देऊन. मास्टरांना १८३३ मध्ये ठरावीक पगार मिळाला आणि १८५२ मध्ये ती पदेच संपली. त्याच वर्षी डिकन्सची चान्सरीवरची ‘ब्लीक हाउस’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली होती.

२१/२४
या दोन टोकांच्या मध्ये एक दृश्य पुण्याचे आहे. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती लिलावाने दिल्या जात, दरसाल अधिक बोली लावणाऱ्याकडे जात, आणि वरचा मक्तेदार खालच्याला पोटमक्ता देत तो थेट पाटलापर्यंत उतरवीत असे, असे त्याने नोंदवले. मामलेदाराकडे महसुलाबरोबर तंट्यांचा निवाडाही असे. त्यामुळे गाऱ्हाणे ज्याच्याविरुद्ध, तेही त्याच्याकडेच. टीका रास्त होती. मात्र ती लिहिली जात असताना लंडनच्या चान्सरीत पानावारी नकला विकणे चालूच होते. हा दोष कोण्या एका देशाच्या स्वभावाचा नव्हता.

२२/२४
चान्सरीची छाया मुंबईवरही पडली. १८२४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर्वोच्च न्यायालयाची घडण इंग्लंडच्या न्यायालयांवर बेतलेली होती. १८६२ मध्ये त्याच्या जागी उच्च न्यायालय आले. आजही मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या कचेरीचा प्रमुख ‘प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर’ या नावाने ओळखला जातो. एल्डने टोपली देऊन मिळवलेल्या पदाचे नाव उरले; मक्ता मात्र गेला. आज तेथे बसतो तो पगारदार न्यायालयीन अधिकारी.

२३/२४
कचेरी बाहेर सोपवण्याची कल्पना मात्र मेलेली नाही. ३० जानेवारी २०१२ पासून ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने इंग्लंड व वेल्समधील न्यायालये आणि न्यायाधिकरणे यांना दुभाषे पुरवण्याचे काम एका खासगी कंपनीकडे दिले. वर्षाला दीड कोटी पौंड वाचतील असा अंदाज होता. मेहनताना घटल्याने अनुभवी दुभाष्यांनी पाठ फिरवली; सुनावण्या तहकूब झाल्या. ९८ टक्के मागण्या पुऱ्या करण्याची अट कितीतरी दूर राहिली. त्या वर्षअखेरीस संसदेच्या लोकलेखा समितीने नोंदवले की तोपर्यंत कंपनीला झालेला दंड होता २,२०० पौंड. १७२५ चा दंड तीस हजारांचा होता, आणि तेव्हाचा पौंड आजच्याहून कितीतरी वजनदार होता.

२४/२४
२०१२ चे कंत्राट आणि १७२५ ची टोपली यांत मोठे अंतर आहे. आज बोली उघड लागते, करार लेखी असतो, लेखापरीक्षण होते. तरीही दोन्ही वेळी एकच गोष्ट नजरेआड झाली. नकला, हिशेब, ठेवी, दुभाषे ही न्यायाची बाहेरची कामे नव्हेत. दुभाषा आला नाही तर आरोपीला आपल्यावरचा आरोप कळत नाही. अनामत बुडाली तर दावा जिंकूनही हात रिकामेच राहतात. मॅकल्सफील्ड पुढे १७२७ मध्ये न्यूटनच्या अंत्ययात्रेत पार्थिवावरील वस्त्राचे टोक धरणाऱ्या मानकऱ्यांत दिसतो. १७३२ मध्ये तो वारला. डॉर्मरच्या दफ्तरात ज्यांच्या ठेवी होत्या, त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. तो इतिहास मुळात त्यांचा आहे.